गळ्याशी थांबलेला वस्तरा

राहुरीच्या स्टँडमागचा माझा न्हावी दाढी संपली की न विचारता गिऱ्हाईकाची मान कडकन मोडून देतो आणि स्वतःच "व्वा!" म्हणतो. परवा मात्र त्याचा वस्तरा माझ्या गळ्याशीच थांबला.

"सर, गिळा बरं."

मी गिळलं.

"परत! बघा, गाठ वर सरकती! थायरॉईड असंल. लई गळे बघितलेत मी!"

बाकावरच्या दोघांनाही त्यानं बोलावून ती दाखवली. मी चिडलो. पण त्यानं त्या दिवशी मान मोडायला हातसुद्धा लावला नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून मला समोरच्या दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरांनी गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाले, "गिळा बरं."

गिळायच्या आधीच मी ओरडलो, "वर सरकती, डॉक्टर!"