रोमन झालेल्या पोरी आणि घाईच्या अक्षता

शेवटच्या वर्षाच्या गॅदरिंगला मी रोमन सैनिक झाले होते. सांगलीतलं मुलींचं कॉलेज, त्यामुळं पळवणारे पण आम्हीच आणि पळवल्या जाणाऱ्या पण आम्हीच. माझी उंची बघून इतिहासाच्या सरांनी दुसरा विचारच केला नाही. घरात आजोबांपासून सगळे फौजेत. मला तर लय आनंद झाला!

नाटक सरांचंच, 'रोममधला पहिला विवाहसोहळा'. गोष्ट जुनी आहे. रोम नवं वसलं तेव्हा तिथं नुसते बाप्येच होते, आणि त्यांना पोरी कोण देणार? मग राजानं जत्रा भरवली, शेजारच्या गावांना लेकीबाळींसकट आवतण दिलं, आणि ऐन जत्रेत त्यानं अंगावरची शाल उचलल्याबरोबर रोमनांनी पोरी उचलल्या. पुढं पोरींचे बाप फौज घेऊन आले, पण तोवर पोरींच्या कडेवर लेकरं आली होती. त्या मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भांडू नका, आता हे आमचे नवरे. झालं, मिटलं! सरांनी शेवटाला मंगलाष्टका आणि अक्षता घातल्या होत्या.

"सर, याला सोहळा कसं म्हणायचं? याला बलात्कार म्हणतात," माझी मैत्रीण म्हणाली.

"अगं, दंतकथा आहे ती. त्या काळी चालायचं," सर म्हणाले. "आणि पालक येणारेत, जरा सांभाळून."

ही मैत्रीण कुंडलची, हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहायची. तिची थोरली बहीण बीएला असताना पाहुण्यातल्याच एकानं तिला गाडीत घालून नेलं आणि चार-दोन दिवसांनी आणून सोडलं. मग घरात बैठक बसली, चहा झाला, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्याच्याशीच तिचं लग्न लावून दिलं. त्यावर घरात बोलायची सोय नव्हती. वडील ताटावरून उठायचे आणि आई घासलेली भांडी परत घासायला घ्यायची. नाटकातल्या थोरल्या पोरीचं काम हिनं मागून घेतलं ते एका वाक्यासाठी: 'मला कुणी विचारलंच नाही.' सरांनी ते खोडलं. तरी मी म्हणणारच, ती म्हणाली, आई समोर बसलेली असताना एकदा म्हणणारच. तिला उचलून न्यायचं काम माझ्याकडं होतं.

आता खरं सांगायचं तर तालमी म्हणजे नुसता धिंगाणा होता. हॉस्टेलच्या फुलाफुलांच्या चादरी गुंडाळून आम्ही रोमन! राजा झालेल्या पोरीला पाठ खाजवायची सवय, तिनं हात मागं नेला की शाल उचलली जायची आणि आम्ही बिनइशाऱ्याच्या पोरी पळवायचो. एकदा तर हिच्यासकट मी तोंडावर आपटले. "मेले गं बाई! आधी वडापाव कमी कर," मी म्हटलं. "तू फौजीची पोर ना गं? मग उचल की!" ती म्हणाली. रेक्टर मॅडम ओरडायला आल्या आणि हसून हसून खुर्चीत बसल्या.

गॅदरिंगला सभागृह आयाबायांनी खच्चून भरलं होतं. दारातच सगळ्यांना अक्षतांच्या पुड्या दिल्या, कारण सरांना शेवट दणक्यात हवा होता. आता आपल्या माणसांच्या हातात अक्षता दिल्यावर ती थांबतात होय? राजानं शाल उचलली, पोरींनी किंकाळ्या फोडल्या, मी हिला खांद्यावर टाकलं, आणि घाबरलेल्या गाणेवालीनं मोबाईलवर तुतारीऐवजी मंगलाष्टका लावल्या. 'शुभमंगल सावधान' ऐकू आलं मात्र, सगळ्या सभागृहाचे हात आपोआप वर गेले. वाचवा वाचवा म्हणणाऱ्या पोरींवर धो धो अक्षता! तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी तर उठून ओरडली, "आवं, पोरीचा मामा कुठाय?" माझ्या तोंडात तांदूळ, डोळ्यांत पाणी, हसण्यानं गुडघे वाकलेले. सर विंगेतून हात जोडत होते.

ही माझ्या खांद्यावरून घसरली, उठली, आणि माईकपुढं जाऊन म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

सभागृह आणखी जोरात हसलं. विनोदच वाटला सगळ्यांना. तिनं परत म्हटलं. या खेपेला तिचा आवाज फाटला, आणि मी तोंडातले तांदूळ थुंकून तिच्याकडं बघायला लागले. पुढच्या रांगांतले अक्षतांचे हात खाली आले. तिची आई पदर सावरत उभी राहिली होती. सर पडदा ओढत होते, पण तो मेला निम्म्यात अडकला.

मावशी, म्हणजे तिची आई, आत आल्या तेव्हा आम्ही पोरी एकमेकींच्या केसांतले तांदूळ काढत खिदळत होतो. आता या लेकीला झापणार, असं वाटून मी मधे गेले.

"मावशी, नाटक होतं ओ."

"व्हय. पोरींचं बाप आलते न्हवं फौज घिऊन?" त्यांनी मला विचारलं. "मग आया कुटं हुत्या?"

मी आठवून बघितलं. "गोष्टीत आया नाहीतच, मावशी."

"आसं कसं? पोरींला आया नसत्यात व्हय?"

त्यांना स्टँडवर सोडायला गेलो तेव्हासुद्धा आम्ही दोघी चादरीतच होतो आणि अख्खं स्टँड आमच्याकडं बघत होतं. कुंडलची गाडी लागली होती. मी पिशवी आत ठेवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"ही न्हाई. थोरलीच्या गावाची कंची?"

"आई, सण न्हाई, काय न्हाई, आज कुठं तिकडं?" मैत्रीण म्हणाली. "बाबांना काय सांगू?"

"सांग, लेकीला आणाय गेलीया," मावशी म्हणाल्या. "आन् माघारी धाडनार न्हाई, ते बी सांग."