वाटणीपत्रातली गाळलेली ओळ

मंडळी, लेकीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचाय. म्हणून आज सकाळी जपानमधल्या निशी-कसाईहून पुण्याच्या काकांना व्हिडिओ कॉल केला. आमचं पेशवाईतलं मोडी वाटणीपत्र वाचता येतं ते फक्त त्यांनाच. त्याचा फोटो माझ्याही समोर होता.

घर, आमराई, दोन म्हशी... काका थबकले आणि पुढे वाचू लागले.

मला मोडी येत नाही, पण ओळी मोजता येतात.

"काका, एक ओळ राहिली."

"अगं, जाऊ दे ना ती."

मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी वाचलं, "कुणबीण राधी, धाकट्याचे वाटणीस."

कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. आणि आम्ही धाकट्याचेच वंशज.

शेजारी बसलेल्या लेकीनं जपानीत विचारलं, "आई, हिची मुलं कुठे लिहू?"



तुमच्या घरी जुने कागद कोण वाचून दाखवतं? ओळी मोजल्यात कधी?