बराक पाच, खोली सतरा

घरत काका कुणाच्याही दारात गेले की कडी वाजवण्याआधी मिनिटभर नुसते उभे राहायचे. चपला बघायचे, पायपुसणं बघायचे, दुधाची पिशवी आत गेली आहे की अजून कडीलाच लटकते आहे ते बघायचे. मग हलक्या आवाजात जाहीर करायचे, "माणूस घरात हाय." तीस वर्षं कोर्टात बेलिफ म्हणून काढलेल्या माणसाची ती सवय होती. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स ज्याच्या त्याच्या हातात नेऊन देणारा माणूस, आणि समन्स घेऊन आलेल्या माणसाला कोणी "या, बसा" म्हणत नाही. त्यामुळे दार काय सांगतंय ते आधी ऐकायचं, ही त्यांची रीत.

मी त्यांच्याकडे गेले ती दोनदा नापास होऊन. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर मला वकील व्हायची हुक्की आली. अंबरनाथहून उल्हासनगरला जाऊन-येऊन तीन वर्षांचं एलएलबी केलं, तात्पुरती सनद मिळाली, एका वकीलसाहेबांच्या हाताखाली कामालाही लागले. पण ती सनद दोन वर्षांची. तेवढ्यात बारची परीक्षा पास झाली नाही तर काळा कोट कपाटात, आणि वकीलसाहेबांकडची खुर्ची दुसऱ्या कुणाला.

या परीक्षेची गंमत अशी की पुस्तक उघडून उत्तरं लिहिता येतात. मात्र पुस्तक कोऱ्या कायद्याचं हवं, त्यावर आपलं अक्षर नको. मी पहिल्या वेळी समासात बारीक अक्षरात अख्खा संसार मांडून नेला होता. पर्यवेक्षक बाईंनी दोन पानं चाळली आणि पुस्तकच उचलून नेलं. दुसऱ्या वेळी कोरी पुस्तकं नेली, तर मला त्यांत काही सापडेचना. अनुक्रमणिका चाळता चाळता एकोणीस प्रश्न तसेच राहिले. पुस्तक समोर असून नापास होणं म्हणजे भरल्या ताटावर उपाशी राहणं. मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, बेलवलीला एक काका आहेत, जा.

काका ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होते. आजूबाजूला इमारती उठल्या होत्या, यांचं कौलारू घर मात्र मधेच तसंच बसलेलं. त्यांनी नापास का झालीस ते विचारलं नाही. म्हणाले, "घर कसा सापडला?"

"कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं."

"रिक्षावाल्याला का नाय विचारलास?"

"तो स्टँडवरचा. त्याला गल्ल्या माहीत असतात, माणसं मेडिकलवाल्याला माहीत असतात."

काकांनी सूप खाली ठेवलं. "मंग तू पास होशील. बस."

काका स्वतः मॅट्रिक. "मी वकील नाय हां," ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचे. "पण तीस वर्षा कायदा खांद्यावर घालून हिंडवला हाय." निवृत्त झाल्यावर पुतणी एलएलबीला नापास झाली, तिला ओट्यावर बसवून शिकवलं, ती पास झाली. मग तिची मैत्रीण आली, मैत्रिणीचा भाऊ आला, आणि ओटा भरला. बदल्यात त्यांना काही नको असायचं. फक्त पास झाल्यावर निकालाचा कागद स्वतः आणून त्यांच्या हातात द्यायचा, एवढी एक अट. फोनवर कळवलेलं त्यांना चालायचं नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हा पाचजणांना पुस्तकं घरी ठेवायला सांगून उल्हासनगरच्या कॅम्प तीनला नेलं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: बराक अमुक, खोली तमुक. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना राहायला दिलेल्या त्या लष्करी बराकी. त्यांच्यावर आता मजले चढलेत, पण पत्ता बराकीचाच सांगतात. मोबाईल काकांनी पिशवीत जमा केले. मी जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत हिंडले आणि फिरून फिरून तीनदा एकाच बटणांच्या दुकानापुढे आले. तिसऱ्यांदा दुकानदार कळवळून म्हणाला, "मॅडम, बटन चाहिए तो बोलो ना, शरमाओ मत!"

घामाघूम होऊन परतले तेव्हा काका रसवंतीवर बसले होते. "खोली शोधत होतीस ना? आधी बराक शोधायची, गो. बराक गावली की खोली जाते कुठं!" मग त्यांनी दिवाणी कायद्याचं जाडं पुस्तक काढलं. "ह्योपण कॅम्प तीनच. ऑर्डर म्हणजे बराक, रूल म्हणजे खोली. बराक पाचात समन्स राहतो. बराक नवात गैरहजर माणसं राहतात. आता सांग, घरात माणूस हाय पण दार उघडत नाय, तर बेलिफानं काय करायचा?"

मी पुस्तकाकडे हात नेला, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं,

"बराक पाच, खोली सतरा. समन्स दाराला चिकटवायचा. पण कधी? सगळी खटपट करून झाल्यावर. आणि साक्षीदार ठेवून."

तेव्हापासून आमचा अभ्यास असाच चालायचा. काका ओट्यावरून एखादी भानगड सांगायचे आणि आम्ही पानं उलटून खोली गाठायची. वीस आकडे मोजेपर्यंत सापडली नाही की ते म्हणत, "बटना घेऊन ये." फौजदारी कायदे नवीन आले तेव्हा आम्ही रडकुंडीला आलो, काका मात्र खुशीत. "माणसा तीच हायत, बिऱ्हाडा बदललीत. नवा पत्ता लिहून घ्या." आणि त्यांनीही आमच्याबरोबर सगळं पहिल्यापासून पाठ केलं.

एकदा त्यांनी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची हकिगत सांगितली. ज्याच्या नावाचं समन्स होतं तो गुडघाभर चिखलात भात लावत उभा, आणि बेलिफाला बघून बाहेरच येईना. काका विजार वर करून चिखलात उतरले, त्याच्या हातात कागद दिला, सही घेतली, आणि तो रडायला लागला म्हणून अर्धी ओळ त्याच्याबरोबर लावूनही दिली. "लोका समन्सला भितात," ते म्हणाले. "अरे, समन्स म्हणजे शिवी नाय, बोलावणा हाय. कोर्ट म्हणतो, ये, तुजी बाजू सांग."

परीक्षा महिन्यावर आली आणि मी कच खाल्ली. झालं एवढंच की वकीलसाहेबांकडे माझ्यानंतर आलेली, माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी कोर्टात सहज म्हणाली, "मॅडम, तुमचा हा लास्ट चान्स ना?" तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या रात्रीपासून मला पुस्तक उघडवेना. नापास होण्यापेक्षा न बसणं बरं, निदान 'बसलेच नाही' असं सांगता येतं, असा हिशोब मी मनाशी केला. बेलवलीला जायचं बंद केलं. काकांचे फोन उचलले नाहीत. घरात मात्र अभ्यास चालू असल्याचं नाटक. याची मला आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी कडी वाजली. भोकातून पाहिलं तर काका, खांद्याला जुनी खाकी पिशवी. मी श्वास रोखून उभी राहिले. ते गेले. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा आले, पुन्हा गेले. बुधवारी दुपारी सासूबाई देवळात गेलेल्या असताना आले. आत माझ्या कुकरने नेमकी तेव्हाच शिट्टी दिली. बाहेरून शांतपणे आवाज आला, "माणूस घरात हाय." मग डिंकाचा वास, आणि समोरच्या लालवानी भाभींचा आवाज, "साइन किधर करने का, काका?"

अर्ध्या तासाने सासूबाई ओरडतच आत आल्या. "अगं, दाराला कोर्टाचा कागद! घर जातंय की काय आपलं?" मजल्यावरची चार दारं उघडली. भाभी सगळ्यांना समजावत होत्या, "टेन्शन मत लो, मैं साक्षीदार है." नेमके तेवढ्यात पहिली पाळी संपवून हे कारखान्यातून आले आणि त्यांनी दारातच तो कागद मोठ्याने वाचला:

"ज्याअर्थी तुम्ही तीन आठवडे विनाकारण गैरहजर आहात, त्याअर्थी तुम्हांस कळविण्यात येते की, परीक्षेच्या दिवशी जातीने हजर राहून आपली बाजू मांडावी. हजर न राहिल्यास तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होईल. तीन वेळा येऊनही दार न उघडल्याने सदर समन्स दारास चिकटविले. साक्षीदार: समोरच्या भाभी. सही, घरत, बेलिफ (निवृत्त)."

कोणी हसलं नाही. यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन परत एकदा वाचला आणि मला विचारलं, "मग? हजर राहणार ना?" मी दाराला टेकून ढसाढसा रडले. तीन आठवड्यांचं ओझं होतं ते. सासूबाईंनी कुकर उघडला आणि म्हणाल्या, "आधी जेव. मग तुझी बाजू मांड."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेले तेव्हा काकांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "माणूस घरात हाय, दार उघडत नाय."

"बराक पाच, खोली सतरा," मी म्हणाले.

"बरा. बस."

परीक्षेला मी हजर राहिले. पर्यवेक्षकांनी माझी पुस्तकं उलटीसुलटी केली, एक अक्षर सापडलं नाही. शंभरपैकी एकही प्रश्न लिहायचा राहिला नाही आणि वर दहा मिनिटं उरली. आणि मी पास झाले. निकाल बघितल्यावर आनंदापेक्षा आधी काय वाटलं तर पाठ टेकावीशी वाटली. किती महिन्यांनी मी खुर्चीत नीट मागे रेलून बसले.

कागद घेऊन बेलवलीला धावले. दार बंद. दोन हाका मारल्या, उत्तर नाही. मग मला चेव चढला. शेजारणीला साक्षीदार केलं आणि निकालाची प्रत काकांच्या दाराला झोकात चिकटवून दिली. खाली लिहिलं, "बराक पाच, खोली सतरा."

स्टेशनवर पोचते तोच फोन. "ही बजावणी रद्द हाय."

"का, काका?"

"दार बघितलास तू? ओट्यावर माज्या चपला व्हत्या. म्हणजे माणूस कुठं?"

"घरात," मी ओशाळून म्हणाले.

"मागं परसात मिरच्यांना पाणी घालत व्हतो. खटपट न करता चिकटवलास. असली वकीलीण कोर्टात नाक कापील माजा. फिर मागं, आणि हातात दे."

खरं तर मला घरी जायची घाई होती, घरी सगळे वाट बघत होते. उद्या येते म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे फिरले. काकांनी हात धुऊन पुसले, चष्मा लावला, निकाल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याजवळच्या दुसऱ्या प्रतीवर पोच दिली: "जातीने मिळाले. घरत." आणि नुकत्याच बाजारातून परतलेल्या काकूंना आत ओरडून सांगितलं, "अगो, चहा टाक, वकीलीणबाय आलीय!"

भात कापणीच्या दिवसांत काका गेले, झोपेतच. आता कोर्टात माझी स्वतःची खुर्ची आहे आणि टेबलाच्या काचेखाली ती पोच आहे. कधी दिवस वाईट गेला की मी ती सही बघते आणि बरं वाटतं, की त्या संध्याकाळी मी स्टेशनवरून मागे फिरले.