खोली आमची, उखळ तिचं

काल शेजारी लाल मिरच्या कुटत होते. पहिला ठसका लागला आणि मला सिंदी गावातली ती खोली आठवली. चोपन्न-पंचावन्न सालचा उन्हाळा होता. स्टेशनाजवळच्या एका घरात आम्ही नवीन संसार मांडला होता. घरमालकिणीनं खोली पहिल्यांदाच भाड्यानं दिली होती, पण तिथल्या जमिनीत पुरलेलं उखळ तसंच होतं. एका दुपारी ती मिरच्यांची टोपली घेऊन न विचारता आत आली आणि तिनं मुसळ उचललं. झोळीत माझी तान्ही लेक झोपली होती. "काकू, पोरीले ठसका लागून राह्यला," मी म्हटलं. "उखळ आमचंच हाय," म्हणत ती कुटतच राहिली. लेक खोकून खोकून लालबुंद झाली, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला काखोटीला मारलं, झोळी सोडली आणि थेट तिच्या स्वयंपाकघरात आढ्याला बांधली. ती धावत आली. "इथं काऊन बांधून राह्यली?" "माह्या खोलीत तुमचं उखळ राह्यते, तं तुमच्या घरात माही झोळी राहीन!" त्या दिवशी कुटणं थांबलं. पण चूक कबूल करायचं सोडून ती गावभर सांगत फिरली, भाडेकरीण तोंडाळ आहे म्हणून. आता आमचीच मागची खोली भाड्यानं द्यायची आहे. हे म्हणाले, "तुझं कपाट राहू दे तिथंच, भाडेकरू काही नाही म्हणणार नाही." नाही म्हणतच नसतो तो, ठसका गिळतो! मी कपाट एकटीनं ओढत बाहेर काढलं.