चालू गाडीची वायर

त्याला सगळे करंटकाका म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. मोटरसायकलच्या विजेचं काम म्हटलं की त्या चौकातली माणसं त्याच्याकडेच यायची. बॅटरी उतरते, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, दिवा मिणमिणतो, अशी काहीही तक्रार असो, काका आधी इंजिन चालू करायचा. मग बॅटरीची एक वायर झटक्यात उपसून हात वर करायचा. गाडी चालूच राहिली की म्हणायचा, "चार्जिंग ठणठणीत!" ही विद्या त्याला उस्तादांनी दिली होती. बघणारे तोंडात बोट घालायचे. मीटर होता, पण तो खणात. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं त्याचं म्हणणं.

आणि अशा माणसाच्या घरची गाडी महिन्यात दोनदा रस्त्यात बंद पडली होती.

गाडी मुलीची. ती एका तपासणी केंद्रासाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. नोकरी लागून तीन महिनेही झाले नव्हते. सकाळी सातपासून लोक उपाशीपोटी दार उघडं टाकून वाट बघत बसायचे. पहिल्यांदा ती अडकली तेव्हा दोघांनी वैतागून चहा पिऊन टाकला आणि त्यांचे नमुने रद्द झाले. दुसऱ्यांदा पाच जणांनी. त्यावर केंद्राच्या बाईंनी तिच्या हातात चिठ्ठी ठेवली होती: तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नये.

तिसरी वेळ आज उगवली होती. पहाटे सहाला अंगणात तिनं बटण दाबलं, तर आतून नुसतं टकटक.

"जगाच्या गाड्या पळतात आणि घरची ढकलावी लागते," बायको दारातून म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

काका रात्रभर कूस बदलत होताच. पहिल्या वेळी त्यानं बॅटरी बदलली होती, ती खरंच म्हातारी झाली होती. चार दिवसांनी नवी बॅटरीही उतरली. मग त्यानं रेग्युलेटर बदलला. इंजिनातून येणारी वीज बॅटरीला सोसेल इतकी करून देणारी ती पेटी. पाच दिवसांनी दिवा पुन्हा मिणमिणायला लागला. काल संध्याकाळी सीट काढून त्यानं वायरींचं जाळं पालथं घातलं. कुठं तार सोललेली नाही, कुठं गंज नाही. शेवटी खात्रीसाठी एक नवा रेग्युलेटर आणून ठेवला होता.

"बाबा, पावणेसातला निघायलाच हवं," मुलगी म्हणाली. "आज अकरा घरं आहेत."

"होईल गं. उभी राहू नकोस डोक्यावर."

ती बाजूला झाली, तर तोच तिच्याभोवती फिरायला लागला. पाना इथं ठेवला, तिथं शोधला. सापडेना तसा तो स्वतःवरच खेकसला. मग खणातून मीटर काढला, आयुष्यात पहिल्यांदाच घाईच्या वेळी. गाडी बंद ठेवून बघितलं, वीज कुठं चोरून गळत नव्हती. दुकानातून आणलेल्या दोन भरलेल्या बॅटऱ्यांपैकी एक बसवून किक मारली. इंजिन सुरू झालं, पण मीटर बारा पूर्णांक चार व्होल्टवरच. चढायला हवा तो आकडा चढेना. वीज पैदा करणाऱ्या कॉइलच्या तिन्ही पिवळ्या वायरी दोन-दोन करून तपासल्या, तिन्ही जोड्या सारख्याच. म्हणजे वीज तयार होत होती. मेला होता तो रेग्युलेटरच. पाच दिवसांपूर्वीचा, नवाकोरा.

"कंपन्या काय बनवतात की माती करतात!" तो पुटपुटला आणि आणलेला दुसरा बसवला. किक. आकडा सरसर चढून चौदा पूर्णांक दोनवर स्थिर झाला.

"झालं?" मुलीनं बर्फाची पेटी उचलली.

"झालं. फक्त एकदा बघतो."

मीटरचे चिमटे गाडीकडच्या वायरींना तसेच लावलेले होते. काकानं सवयीनं बॅटरीची वायर झटक्यात उपसली. हात वर गेला. मीटरवरचा आकडा वीस ओलांडून नाचायला लागला. पुढचा दिवा डोळे दिपतील असा भडकला आणि फट्कन गेला. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

काकाचा हात वरच राहिला.

त्यानं वायर परत लावली, किक मारली. इंजिन लागलं. मीटर बारा पूर्णांक तीन. तिथंच.

"बाबा, मागच्या दोन्ही वेळेसही तुम्ही ही वायर काढली होती?" मुलीनं हळूच विचारलं.

"काढली होती."

"आम्ही हृदय चालतंय का बघायला ते बाहेर नाही काढत हो!"

तो हसला नाही. बॅटरी जोडलेली असते तेव्हा जास्तीचा जोर ती गिळते. ती सुटली की सगळा धक्का रेग्युलेटरवर. जुन्या, साध्या गाड्यांनी उस्तादांची ही परीक्षा सोसली असेल, या गाडीला ती सोसत नव्हती. कधी रेग्युलेटर तिथंच मरायचा, कधी जखमी होऊन चार-पाच दिवसांनी.

सहा चाळीस. सुट्या भागांचं दुकान नऊला उघडणार.

"ऐक," तो भरभर बोलायला लागला. "चार्जिंग नाही, पण इंजिनला ठिणगीपुरती वीज पुरते. बॅटरी भरलेली आहे, तीन तास निघतील. हॉर्न नको, सिग्नल हातानं दाखव. बटणाला बोट लावायचं नाही, किकच मारायची. प्रत्येक दारात गाडी बंद."

"आणि उतरलीच तर?"

त्यानं दुसरी भरलेली बॅटरी आणि दहा नंबरचा पाना पिशवीत घालून ती तिच्या खांद्याला अडकवली. "वायर काढायची असते ती बंद गाडीची," तो म्हणाला, खालमानेनं.

ती गेली. काकानं नऊच्या आतच आपलं दुकान उघडलं आणि बाकापासून शटरपर्यंत येरझाऱ्या सुरू केल्या. फोन खिशातून काढायचा, परत ठेवायचा. भिंतीवर मेलेल्या रेग्युलेटरांची माळ टांगलेली होती, तीस-पस्तीस असतील. गिऱ्हाइकांना दाखवून तो म्हणायचा, "ही बघा कंपन्यांची पापं!" आज त्याला तिकडं बघवेना.

साडेनऊला दूधवाला आला. "काका, बॅटरी उतरतेय परत. ती वायर काढून बघा ना, तुमची ती करामत!" त्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं.

काकाचा हात पुढं गेला. अर्ध्यातून मागं आला. जित्याची खोड; त्यानं दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवले.

"बंद कर गाडी," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुझा रेग्युलेटर..."

फोन वाजला.

"बाबा, अकराच्या अकरा नमुने पोचले. बाईंनी वेळ लिहून घेतली आणि काही बोलल्या नाहीत. दुसरी बॅटरी लागलीच नाही."

"गाडी?"

"ही काय, चालूच आहे."

"अगं बंद कर आधी!" तो ओरडला आणि मग खाली स्टुलावर बसला. सकाळपासून पहिल्यांदा. पण मिनिटभरच.

"काय म्हणत होतात, काका?" दूधवाल्यानं विचारलं. "माझा रेग्युलेटर?"

काका उठला. मीटर हातात घेतला, माळेकडं एकदा नीट बघितलं.

"तुझा तो कंपनीनं नाही रे," तो म्हणाला, "मी मारला."