पंप उशिरा लागायचा ते दिवस

शिव्या खाण्यात माझ्या पंपवाल्या मामाचा हात कुणी धरला नसता. तळ्याकाठच्या खोलीत बसून त्यानं संध्याकाळी पंप लावायचा, तेव्हा कुठं आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना पाणी मिळायचं. पण पंप धडधडला की तळ्यातल्या तुरेवाल्या टिबुकल्या बुडी मारून पसार व्हायच्या. म्हणून या पाणपक्ष्यांच्या जोड्या जमायच्या दिवसांत हा अंधार पडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. लोक कितीही बोंबलोत, हा ढिम्म.

एकदा चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी शिंपीणबाई तणतणत आली. "अहो, घरात थेंब नाही आणि तुम्ही इथं समाधी लावून बसलात?"

मामानं ओठांवर बोट ठेवलं. समोर दोन पक्षी आमनेसामने आले होते. एकानं मान हलवली की दुसराही तश्शीच हलवायचा. मग दोघांनी बुडी मारली आणि चोचीत पाणगवत घेऊन, छातीला छाती भिडवून ते पाण्यावर चक्क उभे राहिले.

बाई भांडण विसरली. "यातली नवरी कुठली हो?"

"मलाही अजून कळलेलं नाही," मामा म्हणाला.

तेव्हापासून ती रोज यायला लागली, काजं करायचे कपडे घेऊन. मामा इस्त्रीचे शर्ट घालायला लागला. पन्नाशीतलं हे प्रकरण बघून आई म्हणाली, "अरे, विचारून टाक एकदाचं!"

"नाही म्हणाली तर यायचीही बंद होईल गं." बिचाऱ्याचा जीव त्या संध्याकाळींतच अडकला होता.

नाच संपला, टिबुकल्या अंड्यांवर बसल्या. एकदा बसल्या की त्या पंपालाही भीक घालत नाहीत. तरी मामा पंप लावेना. "आज जरा उशीर करतायत," असं म्हणत रिकाम्या पाण्याकडे बघत राही. शेवटी त्याला राहवेना.

"खरं सांगू? नाच कधीच संपलाय. मी उगाच तुम्हाला..."

तिनं दातानं दोरा तोडला. "ठाऊक आहे. माझ्या खिडकीतून घरटं दिसतं."

मामा गोरामोरा झाला. "मग रोज चार जिने उतरून..."

"पंप लावा आता. लोक खोळंबलेत," ती म्हणाली. "मी बसलेय."

मामानं बटण दाबलं. त्या धडधडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसली.