दिवाळीआधी संपणारा प्रयोग

विज्ञानावर मी आजवर दोन लेख लिहिले, दोन्ही विनोदी. तेवढ्या भांडवलावर माझ्या मावसबहिणीनं, वैशालीनं, मला तज्ज्ञ ठरवलं. ती बोईसरजवळ सरावलीत राहते आणि डोंगराकडच्या एका गावात आठवीला विज्ञान शिकवते. "डिसेंबरात तालुक्याचं प्रदर्शन आहे, पोरांना विषय सुचवायला ये," म्हणाली. नवरात्र संपताच नाशिकहून निघाले.

कुणाला यायचं असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मनोर असा रस्ता धरा. घाटात वळणं इतकी, की उलटीची गोळी नाश्त्याआधीच घ्यावी. पालघरला उतरून बोईसर गाठलं की शेअर रिक्षा मिळते. "बस एक सवारी" म्हणत आमच्या रिक्षावाल्यानं तीन कोंबल्या. मी कुरकुरले, तर म्हणाला, "थोडा खिसको मॅडम, सब अपने ही हैं."

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या स्कूटरवर मागे बसून बेटेगाव ओलांडलं. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, कापणी सुरू. त्यामुळे वर्ग अर्धाच भरला होता.

"ज्वालामुखी सोडून काहीही," मी सुरुवातीलाच जाहीर केलं. "सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढणं हे विज्ञान असेल, तर आमच्या सोसायटीची सभाही विज्ञानच आहे." कुणी हसलं नाही. मग घरून आणलेले विषय काढले. गांडूळखत. मातीचे प्रकार आणि मुळ्याची वाढ.

मागच्या बाकावरून वनिता नावाची मुलगी उठली. "कदी व्हतं ते?"

"दोनेक महिने लागतील."

ती बसली. पुढच्या विषयाला पुन्हा उठली. "आन् हे कदी व्हतं?"

चौथ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, "गाडी सुटतेय का गं तुझी?"

शेजारची सविता म्हणाली, "दिवाळी झाली का ती जगायला जाते, मॅडम."

"जगायला? मग इथं काय करते?"

या वेळी वर्ग खळखळून हसला. वनिताही. शब्द पकडून उलटा करायचा हा माझा धंदाच, मी खूश. वैशाली मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

मधल्या सुट्टीत तिनं भाकरी आणि सुकटीची चटणी पुढं केली, आणि सांगितलं. पावसाचं एक पीक निघालं की इथली घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात, थेट पुढच्या पावसापर्यंत. त्याला इथं म्हणतात जगायला जाणं. त्यात विनोद काही नाही. गावात राहून भागत नाही, एवढाच अर्थ.

"मागच्या वर्षी हिनं वाल पेरले होते," वैशाली म्हणाली. "वाल चढले मांडवावर, ही भट्टीवर. यंदा परत आली, पुढच्या वर्षी येईलच असं नाही. एकदा तरी तिचा प्रयोग पुरा होऊ दे, ताई."

चटणी चांगली होती. अर्धी भाकरी मी डब्यात परत ठेवली.

सुट्टीनंतर मी गांडुळं गुंडाळून ठेवली. शाळेमागच्या बांबूचे दोन सारखे तुकडे कापवून घेतले. एक सविताला, एक वनिताला. रोज भर दुपारी काठी उभी रोवायची, सर्वांत आखूड सावली मोजायची. एकीनं शाळेत, दुसरीनं भिवंडीकडच्या भट्टीवर. थंडीपर्यंत सावली कशी लांबते ते दोन ठिकाणांहून बघायचं. हा प्रयोग सोबत नेता येत होता.

वनितानं काठी हातात फिरवली. "तिथं सावली येगळी पडल का, मॅडम?"

"नाही गं. जवळपास इथल्याइतकीच."

"मंग बरं हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी घिवलीला समुद्रावर गेलो. किनारा शांत, पाहण्यासारखा. फक्त अंधार पडल्यावर रिक्षा मिळत नाही, परतीची सोय आधी करा. वाळूवर माझी सावली लांबलचक पडली होती. बाईपेक्षा बरीच मोठी.

नाशिकला परतले ती दोन सुकटीच्या पिशव्या आणि एक समाधान घेऊन. दिवाळीनंतर वनिता वडिलांच्या मोबाइलवरून माप कळवत होती. मग फोन यायचे थांबले. वैशालीनं लावला, तेव्हा वडील ओशाळून म्हणाले, "दुपारच्याला कच्च्या इटा पालटायच्या असतात, बाय. कडक उनातच कराया लागतं."

मी जे ऊन तिला प्रयोगासाठी दिलं होतं, त्याला आधीच दुसरं काम होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सविता एकच काठी घेऊन उभी होती. फलकावर नावं दोघींची. परीक्षकांनी विचारलं, "दुसऱ्या ठिकाणची निरीक्षणं मध्येच थांबली? जोडीदारीण कुठाय?"

"जगायला गेली, सर."

पालघरचेच होते ते. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं ज्वालामुखी होता.